इनसाइड नंबर नाइनचा दोन कॉमेडियनवाला एपिसोड: लेन खरंच तिथं होता का? (स्पॉयलर आहेत)

रंकाळा_चौपाटी:
ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथूनच मागं फिरा, खाली शेवट फोडलाय.

बीबीसीची ‘इनसाइड नंबर नाइन’ म्हणून सिरीज आहे, स्टीव्ह पेम्बर्टन आणि रीस शीअरस्मिथ या दोघांनी लिहिलेली, बहुतेक भागांत काम पण तेच करतात. दर भागाला गोष्ट नवीन, माणसं नवीन, जागा शक्यतो एकच आणि अर्ध्या तासात विषय संपला. माझा मावसभाऊ लय दिवस मागं लागलेला बघ बघ म्हणून. क्रमानं बघायची गरज नाही म्हणाला म्हणून मी मधनंच चौथ्या सीझनचा दुसरा भाग लावला, ‘बर्नी क्लिफ्टन्स ड्रेसिंग रूम’, जानेवारी २०१८ चा.

लेन आणि टॉमी ही ऐंशीच्या दशकातली कॉमेडी जोडी, स्टेजवरचं नाव ‘चीज अँड क्रॅकर्स’. जोडी फुटून तीस वर्षं झाली. आता एकाच कार्यक्रमासाठी परत उभं राहायचंय म्हणून एका चर्चच्या हॉलमध्ये तालमीला भेटतात. लेन एकदम खुशीत, त्याला जुनं सगळं करायचंय. टॉमी कधीच ही लाइन सोडून धंद्याला लागलाय, त्याला मनातनं यायचंच नव्हतं असं दिसतं, हे विनोद आता चालत नाहीत म्हणून प्रत्येक गोष्टीला आडवं लावतो. मग तालीम करता करता जुनं उकरून निघतं, लेनचं पिणं, आणि त्या बर्नी क्लिफ्टनच्या मेकअप रूममध्ये त्या दिवशी काय झालेलं ते. मग लेनची पोरगी लीअ‍ॅन आत येते, टॉमीशी बोलते, आणि तेव्हा कळतं की लेन वारलाय आणि ही सगळी जमवाजमव त्याच्या अंत्यविधीची आहे. आणि मग दोघं ते गाणं करतात, ‘टिअर्स ऑफ लाफ्टर’.

तर मला विचारायचंय ते हे. लेन भूत होता का टॉमीच्या डोक्यात होता? आणि ह्याला डार्क कॉमेडी का म्हणायचं, ह्यात ना खून ना रक्त ना कोणाचं वाईट चिंतणं, उलट मला तर घशात अडकल्यासारखं झालं आणि अजून उतरंना. घरात मी सांगितलं तर म्हणाले ‘शेवटी तो मेलेलाच होता’ हे तर शंभर पिक्चरमध्ये येऊन गेलंय, त्यात काय एवढं. मला उत्तर देता आलं नाही पण मला पटलं पण नाही. ज्यांनी बघितलाय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

शाहूपुरी_४थी_गल्ली:
भावा एकदम योग्य भाग लावलास. मी सगळी सिरीज बघितलीय, २०१४ ते २०२४, नऊ सीझन आणि पंचावन्न भाग, त्यातल्या माझ्या वरच्या पाचात हा आहे.

भूत का डोक्यात, तर माझं मत डोक्यात. पण भुताटकीचा पुरावा शोधत बसू नकोस, ह्यात तसं काही ठेवलेलंच नाही. परत बघताना एवढंच बघ की भांडण कोणाला पाहिजे होतं. लेन तर हसतखेळत आलाय, त्याला फक्त प्रॅक्टिस करायचीय. राग, हिशेब, तू असं का केलंस मी असं का केलं, हे सगळं टॉमीचं साठलेलं आहे. समोरचा माणूस जिवंत असताना जे बोलणं झालं नाही ते त्यानं त्या रिकाम्या हॉलमध्ये करून घेतलं असं मी धरतो.

डार्क कॉमेडीचं म्हणशील तर ह्या दोघांच्या बाकीच्या कामात काळं भरपूर आहे, आधीची ‘द लीग ऑफ जंटलमन’ आणि ‘सायकोव्हिल’ बघ, तिथं माणूस हसतो आणि हसल्याचं वाईट वाटतं. ह्या सिरीजमध्ये पण बऱ्याच भागात कोण ना कोण मरतंच. फरक एवढाच की इथं मरण आधीच होऊन गेलंय आणि आपल्याला सांगितलेलं नाही. विनोद चालू असताना आपण एका मेलेल्या माणसाच्या विनोदाला हसत होतो हे नंतर कळतं, ह्याच्यापेक्षा काळं काय पाहिजे.

आणि एक, बर्नी क्लिफ्टन हा खरा माणूस आहे, इंग्लंडातला जुना कॉमेडियन, शहामृगावर बसल्यासारखं सोंग घेऊन स्टेजभर पळायचा, त्या शहामृगाचं नाव ऑस्वाल्ड. म्हणजे तिकडच्या प्रेक्षकाला शीर्षक वाचूनच हसू येणार, आणि आत काय आहे तर हे. नाव मुद्दाम हलकंफुलकं ठेवलंय. प्रत्येक भागात कुठंतरी सशाची एक मूर्ती पण लपवलेली असते, पुढच्या वेळी शोध.

आडवा_प्रश्न:
मी जरा वेगळं बोलतो. मला हा भाग आवडला पण एवढं डोक्यावर घ्यावं असं नाही वाटलं. रंकाळावाल्यांच्या घरचे जे म्हणाले त्यात दम आहे. ह्या सिरीजचा प्रॉब्लेमच हा आहे की तुम्हाला माहीत असतं शेवटी काहीतरी उलटणार, मग माणूस गोष्ट बघायच्याऐवजी खिळे मोजत बसतो, हा का असं म्हणाला, ती का तिकडं बघितली. मी दहाव्या मिनिटाला ओळखलेलं लेन नाही म्हणून. ओळखल्यावर पुढचं सगळं मला रडवण्यासाठी केलंय असं वाटायला लागलं.

त्यापेक्षा दुसऱ्या सीझनचा ‘द ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन’ बघा, २०१५ चा, शेरिडन स्मिथ आहे त्यात. तिथं शेवट कळल्यावर आधीचे सगळे विचित्र तुकडे आपापल्या जागी बसतात, एकही फुकट जात नाही. इथं शेवट काढून टाकला तर काय राहतं? दोन म्हातारे जुने विनोद करत बसलेत.

पडद्यामागचा:
आडवा प्रश्न, तुमचं शेवटचं वाक्य मी धरतो. शेवट काढून टाका आणि बघा. दोन म्हातारे जुने विनोद करत बसलेत, एवढं राहतं, आणि माझ्या मते एपिसोड तेवढाच आहे. बाकी वरचं.

मी आयुष्यभर लाइटचं काम केलंय, नाटकं, ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, राज्य नाट्यचे प्रयोग, जे मिळेल ते. सिरीज वगैरे मी जास्त बघत नाही, ही पुतण्यानं लावून दिली, इंग्लिश सबटायटल वाचत बघितली. तुम्ही लोक लेन होता का नव्हता ते बघालाय, मी टॉमीच्या कामाकडं बघत होतो. कारण जोडीत एकजण हशा घेतो आणि एकजण फीड देतो, आणि बाहेरच्या माणसाला वाटतं फीड देणारा म्हणजे कमी. तसं नसतं. पंच कुठं पडणार ते फीड देणारा ठरवतो. तो अर्धा श्वास जास्त थांबला तर हशा दुप्पट, घाईत बोलला तर सगळं पाण्यात. हे कागदावर लिहिता येत नाही, हे दोघांच्या अंगात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं आणि ते अर्धं ह्याच्याकडं अर्धं त्याच्याकडं असतं.

आपल्याकडं हे नवीन आहे का? तमाशात गण, गौळण झाली की बतावणी, तिथं काय असतं, एकजण सरळ विचारतो आणि दुसरा वाकडं उत्तर देतो. सरळ विचारणारा नसला तर वाकड्याला अर्थच नाही. आपल्या शेजारचंच बघा, सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ, दोन हवालदारांचं सोंग घेऊन उभे राहिले की तंबू खाली-वर व्हायचा. मी लहान असताना जत्रेत बघितलेत. एक वाक्य सुरू करायचा आणि दुसऱ्यानं कधी उचललं ते कळायचं नाही. आता तुम्ही मला सांगा, त्यातला एकच आणून उभा केला असता तर लोकांनी काय बघितलं असतं? खासबागेत कुस्ती जोडीनं लागते, एकटा पैलवान आखाड्यात नुसता दंड थोपटत फिरणार.

आता माझा अनुभव सांगतो, नावं सांगत नाही कारण घरची माणसं अजून गावात आहेत. ऑर्केस्ट्रात दोघं होते, मधल्या वेळात वीस मिनिटं कॉमेडी करायचे, केशवराव भोसले नाट्यगृहात त्यांचे कार्यक्रम मी लाइटला बसून बघितलेत. शेवटची काही वर्षं रंगपटात एकमेकांशी बोलायचे नाहीत, एक ह्या आरशाला एक त्या आरशाला, चहा पण वेगळा. आणि विंगेतनं आत गेले की असं वाटायचं की एकाच आईच्या पोटचे. मग त्यातला एक आजारी पडून गेला. राहिलेल्यानं एक नवीन पोरगं घेतलं, हुशार होतं, पाठांतर चोख, आवाज चांगला. तरी हशा पडायचा नाही. मी वरनं बघत असायचो, मला दिसायचं काय होतंय ते. हा बाबा जुन्या जागी थांबायचा. म्हणजे जिथं तो पहिला मधेच एक हुंकार भरायचा, मान वळवायचा, तिथं हा त्याच्यासाठी जागा सोडून उभा. नवीन पोराला काय माहीत तिथं काय भरायचंय, ते आपलं पुढचं वाक्य म्हणून मोकळं. प्रेक्षकांना वाटायचं म्हातारा वाक्य विसरला. तो काय विसरला नव्हता हो.

म्हणून मला ते शेवटी कळलं की लेन नाही, तेव्हा मला धक्का नाही बसला, मला असं वाटलं की बरोबर आहे, दुसरं काय करणार हा. टॉमीला त्या अंत्यविधीत उभं राहून लेनसाठी काहीतरी करायचंय. त्याला येतं काय, तर अर्धा आयटम. उरलेला अर्धा ज्याच्याकडं होता तो पेटीत. मग तालमीला त्याला बोलावल्याशिवाय टॉमीला स्वतःचं वाक्य तरी कसं आठवणार? लेखकाला तुम्हाला चकवायचं असेल-नसेल, मला माहीत नाही, पण जोडीतला एक गेला की दुसऱ्याचं असंच होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय आणि ते त्यांनी बरोबर पकडलंय.

केशवरावचं नाव निघालंच म्हणून, १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं, तेव्हा पॅलेस थिएटर म्हणायचे, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, तेव्हा अर्धं कोल्हापूर रस्त्यावर उभं होतं आणि कितीतरी कलाकार रडत होते. बाहेरच्यांना वाटलं बिल्डिंगसाठी रडालेत. त्या आरशांसमोर कोण कोण बसून गेलं ते आमच्या लोकांना माहीत होतं.

रंकाळा_चौपाटी:
काका, हे वाचून मी परत लावला आणि ह्या वेळी फक्त टॉमीकडं बघितलं. सुरुवातीला वैतागून वाक्यं म्हणतोय, करायचं म्हणून करतोय, आणि मग एका जागी आयटम चालू झाला की त्याचं अंग आपोआप हलायला लागतं, चेहरा अजून रुसलेला पण टायमिंग बरोबर. घरी दाखवलं, त्यांना पण पटलं.

आता दुसरा प्रश्न सुटंना. टॉमी लेनला सोडून गेला ते बरोबर होतं का? म्हणजे लेन पीत होता, त्या मेकअप रूममधल्या प्रकारानंतर टॉमीनं हात सोडला, बरोबर ना. एपिसोड कोणाच्या बाजूनं आहे?

कळंबा_रोड:
मी इथं फारसं लिहीत नाही पण ह्यावर लिहितो. आमच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये असाच एक मित्र होता, ग्रुपचं नाव नको. प्रयोगाच्या दिवशी पिऊन यायचा आणि तरी काम बघणाऱ्याला वाटायचं काय नट आहे. आम्ही त्याला सांभाळलं, खोटं बोललो, त्याची एंट्री चुकली तर आम्ही वाक्यं भरली, विंगेत धरून उभा केला. एका ठिकाणी मग झालं नाही, आम्ही त्याला घेणं बंद केलं. आमच्यातला एकजण म्हणायचा की आपण सोडलं तर शुद्धीवर येईल, दुसरा म्हणायचा सोडलं तर संपेल. दोघांचं अर्धं अर्धं खरं झालं, म्हणजे तो मधे काही वर्षं चांगला राहिला पण आमच्याकडं परत आला नाही.

मला एपिसोडमध्ये हेच आवडलं की त्यांनी टॉमीला वाईट नाही केला आणि लेनला बिचारा पण नाही केला. लेन गोड आहे पण त्याच्याबरोबर रोज राहायचं म्हणजे काय ते टॉमीच्या बोलण्यातनं कळतं. पिणाऱ्या माणसाच्या सोबत्याचं कोणी ऐकत नाही, सगळे म्हणतात तू का सोडलास. टॉमीला ते सांगायचं होतं आणि ज्याला सांगायचं तोच राहिला नाही. बाजू विचारशील तर मला वाटतं तो दोघांच्या बाजूनं आहे आणि त्यामुळंच बघवत नाही.

शाहूपुरी_४थी_गल्ली:
कळंबा रोड, मनापासून लिहिलंत.

ह्यात एक भर घालतो. इंग्लंडात ही जुनी जोड्यांची परंपरा लय मोठी, मॉरकम आणि वाइज सगळ्यांत मोठे. एरिक मॉरकम १९८४ ला गेला, कार्यक्रम संपवून स्टेजवरनं उतरला आणि कोसळला. अर्नी वाइज १९९९ पर्यंत जगला, एकट्यानं कामं पण केली, पण लोकांच्या डोळ्यांसमोर तो कायम जोडीतला राहिलेला माणूस. हा भाग बघणाऱ्या तिकडच्या लोकांच्या मनात हे सगळं असणार. आणि काम करणारे दोघं कोण, पेम्बर्टन आणि शीअरस्मिथ, ब्रेटन हॉल कॉलेजपासूनचे मित्र, तेव्हापासून एकत्र लिहितात. त्यांना लेन-टॉमी करताना काय वाटलं असेल ह्याचा मी लय विचार केलाय. ती चूक झाली की बघणारी नजर, एकमेकांचं वाक्य संपायच्या आत हलणं, ते काही वेगळं शिकावं लागलं नसणार.

आडवा_प्रश्न:
काकांचं ते जागा सोडून थांबण्याचं वाचलं आणि बराच वेळ काही सुचलं नाही. तरी माझा मुद्दा मी सोडत नाही, लिहिणाऱ्यानं लीअ‍ॅनला आणून मोठ्यानं सांगायची गरज नव्हती. ती नुसती आत आली असती, टॉमीकडं बघितली असती आणि लेनकडं बघितलं नसतं तरी पुरं होतं. आपल्याला कळलं असतं. ज्या दोघांनी ‘अ क्वाएट नाइट इन’ सारखा जवळजवळ बिनसंवादाचा भाग केलाय, त्यांना एवढा भरवसा ठेवायला काय हरकत होती?

पडद्यामागचा:
हे मात्र मला मान्य नाही. ती बोलते म्हणून टॉमी एकटा पडतो. तिनं बोलायला सुरुवात केली की त्याला तिच्याशी नीट, शहाण्यासारखं, मोठ्या माणसासारखं बोलावं लागतं, आणि तिथं कळतं की इतका वेळ तो किती लहान होऊन भांडत होता. नुसतं बघून गेली असती तर आपल्याला कोडं सुटलं असतं, टॉमीचं काय झालं ते दिसलं नसतं.

एकांकिका_ग्रुप_कोप:
आम्ही कॉलेजची पोरं, यंदा स्पर्धेला एकांकिका बसवायचीय. हा भाग बघून वाटलं की ही तर तयार एकांकिका आहे, एक सेट, दोन पात्रं आणि शेवटी एक एंट्री, वेळ पण बरोबर बसतो. मराठीत करून उतरवली तर चालेल का? नावं बदलून, चर्चच्या जागी इथलं एखादं सभागृह, आणि ते दोघं तमाशातले.

शाहूपुरी_४थी_गल्ली:
नावं बदलून चालत नाही, गोष्ट त्यांची आहे. परवानगी लागते आणि ती मागायला पाहिजे. स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं तर अख्खा ग्रुप बाद होईल आणि त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दोन माणसांनी एवढ्या कष्टानं लिहिलंय.

पडद्यामागचा:
आणि पोरांनो गरज काय आहे? तुमच्या आजूबाजूला असे अर्धे राहिलेले लोक किती आहेत. मंगळवार पेठेत, शिवाजी पेठेत विचारत फिरा, ऑर्केस्ट्रातले, वगनाट्यातले, सोंगी भजनातले. त्यांच्यापुढं बसा आणि जुना आयटम करून दाखवा म्हणा. ते एकटे करतील. ते कुठं थांबतात ते बघा आणि लिहून ठेवा. शेवट उलटवायच्या मागं लागू नका, मेलेला माणूस तर अजिबात आणू नका, ते ह्यांनी करून झालंय. तुमच्याकडं दुसरा जिवंत असू दे आणि भेटायला आलेला असू दे, तरी पण जमत नाही असं लिहून बघा. लाइट मी करून देतो, पैशाचं बघू नका, फक्त तालमीला मला पहिल्या आठवड्यापासून बोलवा, शेवटच्या दिवशी बोलवून लाल-निळं मार म्हणू नका.

एकांकिका_ग्रुप_कोप:
काका नक्की. आमच्यातल्या एकाचे आजोबा सोंगी भजनात होते, त्यांच्यापासनं सुरुवात करतो. पर्सनल मेसेज केलाय.

रंकाळा_चौपाटी:
मस्त झालं हे. आता मला पुढचा कुठला बघू सांगा, आडव्या प्रश्नांनी सांगितलेला क्रिस्टीन का दुसरा कुठला? आणि शेवट सांगू नका.

आडवा_प्रश्न:
क्रिस्टीन. दिवसाढवळ्या बघा आणि मधे फोन घेऊ नका, त्यात वेळ पटापट पुढं सरकतो, एक सीन गेला तर धागा जातो. त्यानंतर ‘वन्स रिमूव्हड’, तो उलट्या क्रमानं चालतो, शेवट आधी आणि सुरुवात शेवटी. ‘डेड लाइन’ मात्र मागं ठेवा, तो २८ ऑक्टोबर २०१८ ला लाइव्ह दाखवलेला, सिरीजची सवय झाल्यावरच त्याची मजा.